पार्बताबाईंचं पडणं

गेल्या महिन्यात पार्बताबाईंची शोकसभा झाली आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. नाटक कंपनीच्या गोदामातच खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर त्यांचा फोटो, फोटोला झेंडूचा हार आणि माईकसमोर एकामागून एक माणसं. आमच्या कंपनीचे मालक घनश्यामभाऊ डोळ्याला रुमाल लावून म्हणाले, "त्या आमच्या रंगपटाच्या माउली होत्या." मग कोणी अन्नपूर्णा म्हणालं, कोणी मायेचा झरा म्हणालं. आमचा विनोदी नट टिकाराम तर गहिवरून म्हणाला, "मावशीनं आमाले आईसारखं सांभाळलं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पार्बताबाईंनी कोणालाही आईसारखं सांभाळलं नाही. त्यांना मावशी म्हटलेलंसुद्धा चालत नसे. कंपनीत नवीन आलेला एखादा नट सवयीनं मावशी म्हणाला, की त्या सुईतला दोरा दातानं तोडायच्या आणि विचारायच्या, "तुही माय माही बहीन आहे का? नाई ना? मंग बाई मन." अन्नपूर्णा म्हणावं, तर त्यांच्या हातचा चहा पिऊन लोक दुसऱ्यांदा मागत नसत. माणूस मेलं की त्याला धुऊन पुसून, देव्हाऱ्यात बसवून, त्याचं जे काही होतं ते गुपचूप काढून घ्यायचं, ही आपली जुनी खोड आहे. बाईमाणूस असेल तर विचारायलाच नको. आई केलं की काम संपलं.

मला बोलायला उभं केलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, "त्या फार छान पडायच्या." मागून एकानं काळजीनं विचारलं, "कुठं पडल्या? कवा?" मी खाली बसलो. घरी येताना ठरवलं की हे लिहून काढायचं. रागानं लिहितो आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या झाडीपट्टीत धान कापून घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते आणि मंडईला नाटक नसेल तर जावईसुद्धा गावात थांबत नाही. मी लाखनीला शाळेत शिकवायचो आणि हंगामात घनश्यामभाऊंच्या कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून जायचो. रंगमंचापुढे वादकांच्या शेजारी बसायचं आणि नट अडखळला की त्याला शब्द पुरवायचे, हे माझं काम. पार्बताबाई मागच्या बाजूला, रंगपटात. लुगडी नेसवणं, दाढ्या चिकटवणं, मुकुट बांधणं, फाटलेले पडदे शिवणं, सगळं त्यांच्याकडे. मूळच्या पवनीच्या, मागावर कापड विणणाऱ्यांच्या घरातल्या. नवरा कधीकाळी होता. त्याच्याबद्दल त्या एकाच वाक्यात बोलत: "चांगला होता, लवकर मेला."

उंच, हाडकुळ्या, पाय मोठे. चेहरा कायम गणिताच्या पेपराला बसल्यासारखा. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नाही. मात्र कोणी पडलं की त्या हातातलं काम टाकून बघत. आठवडी बाजारात, बसस्टँडवर, लग्नाच्या मांडवात, कुठंही. माणूस पडला की बाकीचे धावायचे, बाई निरखायच्या आणि मग निकाल द्यायच्या. चिखलात पाय सरकून बसकण मारलेल्या एका पुढाऱ्याबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "हा पडला नाई, सांडला." त्यांच्या लेखी माणसांचे दोनच प्रकार होते. पडणारे थोडे आणि सांडणारे सगळे.

पडण्याचं हे वेड त्यांना धानाच्या बांधीत, पाणी भरलेल्या शेतात, लागलं होतं. माग बंद पडू लागले तशा त्यांच्या घरातल्या बायका पावसाळ्यात रोवणीच्या, धान लावायच्या, मजुरीला जाऊ लागल्या. गुडघाभर चिखलातून पऱ्ह्याच्या पेंड्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या जुड्या, शेताच्या या धुऱ्यावरून, बांधावरून, त्या धुऱ्यापर्यंत न्यायच्या. नवीन मुलगी चिखलात पडायचीच. तिथली एक म्हातारी सांगायची, "बाई पडली तं चालते, पेंडी नाई पडली पायजे." पार्बताबाईंनी हे वाक्य आयुष्यभर गाठीला बांधलं. पडायचं ते हातातली वस्तू वाचवत. सगळं अंग चारी दिशांना जाऊ दे, पण हातातली पेंडी पाळण्यातल्या लेकरासारखी सरळ राहिली पाहिजे. "हासू पडल्याचं नाई येत गुर्जी," त्या मला सांगायच्या, "हासू वाचवल्याचं येते. स्वताले सोडून पेंडी वाचवून राहिली, मून लोक हासतेत." रोवणीच्या बायका त्यांचं पडणं बघून हसून हसून धुऱ्यावर बसत, असं त्या सांगत. ते हसू त्यांना पुन्हा हवं होतं. एवढंच हवं होतं त्यांना, दुसरं काही नाही.

आता आमच्या नाटकांतली गंमत ऐका. आमच्या प्रत्येक नाटकात एक विनोदी बाई असते. ती पाटावरून घसरते, घागरीसकट आपटते, जावयाच्या अंगावर कोसळते. आणि ही बाई कायम पुरुष असतो. नायिकेचं काम बाई करते, खाष्ट सासूचं बाई करते, लावणी बाई करते. पडणारी बाई मात्र लुगडं नेसलेला गडी. पूर्वी सगळीच कामं पुरुष करत तेव्हाची ही उरलेली रीत आहे म्हणतात. असेल. पण बाकीची कामं बायकांकडे आली आणि हे एकच का आलं नाही, याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही.

आमच्याकडे ते काम टिकारामकडे होतं. त्याला लुगडं नेसवायच्या पार्बताबाई आणि त्याला पडायला शिकवायच्याही पार्बताबाईच. दुपारी रंगपटात सतरंजी टाकून त्या त्याला दाखवत, गुडघा कुठं सोडायचा, खांदा कधी आत घ्यायचा. घागर घेऊन पडायची त्याची प्रसिद्ध पड, जिच्यात घागरीतलं पाणी सांडत नाही आणि टिकाराम मात्र पार आडवा होतो, ती नखशिखांत बाईंची होती. चार जिल्ह्यांत त्या पडीवर शिट्ट्या वाजल्या. पोस्टरवर टिकारामच्या नावामागे 'विनोदाचा बादशहा' लागलं. बाई त्याच्या लुगड्याला खालून टाके घालत राहिल्या.

एका हंगामात टिकारामचा पाय मुरगळला. बाई सरळ घनश्यामभाऊंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी तिथंच होतो.

"आज मी पडतो," त्या म्हणाल्या. झाडीतल्या जुन्या बायका असं बोलतात, करतो, जातो.

घनश्यामभाऊ आधी हसले. मग बाई हसत नाहीत हे बघून समजावणीच्या सुरात आले. "बाई, गडी पडला तं पब्लिक हासते. बाई पडली तं पब्लिक उभी राहते. काहून का, बाईमानूस आहे. कोनाची माय, कोनाची बहीन. पाप लागते हासनाऱ्याले."

"मंग टिकाराम पडते तवा कोन पडते?"

"टिकाराम पडते."

"नाई. बाईच पडते. लुगडं मी नेसवतो ना, मले मालूम आहे."

भाऊंनी विषय बदलला. त्या दिवशी पेटी वाजवणाऱ्या एका किडकिडीत गृहस्थांना लुगडं नेसवून उभं केलं. ते सांडले. लोक तरीही हसले, कारण गडी होता.

पार्बताबाई चिडल्या की आरडाओरडा करत नसत. पुढच्या प्रयोगाला टिकाराम परत आला तेव्हा त्यांनी त्याला नऊवारी अशी करकचून नेसवली, कासोटा असा आवळला आणि आतून असे टाके घातले, की रंगमंचावर घागर घेऊन आलेला टिकाराम वाकूच शकेना. मी खालून ओरडतोय, "पडा, पडा," आणि टिकाराम मांडवाच्या खांबासारखा ताठ. शेवटी जावयाचं काम करणाऱ्या नटानं त्याला ढकललं, तर तो न वाकता, उभाच्या उभा, आडवा झाला. घागर फुटली. विंगेतून बाईंचा शांत आवाज आला, "पेंडी गेली." मागं कोणी मोठ्यानं बोलायचं नाही हा कंपनीचा नियम त्यांनी मोडलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

हा नियम महत्त्वाचा आहे, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. नाटक चालू असताना पडद्यामागं आवाज करायचा नाही. पुढं माईक टांगलेले असतात, ते कुजबुजसुद्धा पकडतात. त्यामुळं रंगपटात काहीही होवो, ते मुक्यानं होतं. एकदा मी माझ्या मोबाइलवर एका जुन्या मुक्या चित्रपटाचा तुकडा बघत होतो. एक माणूस शिडीवरून पडत होता. बाई पाठीमागं येऊन उभ्या राहिल्या. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा लावायला सांगितलं.

"मेला असन आता हा," त्या म्हणाल्या. "पन कसा पडते पाह." थोड्या वेळानं म्हणाल्या, "हे तं आपल्या पडद्याच्या मांगचंच आहे गुर्जी. पुढं रानी मरून राहते आनि मांगं राजाच्या पायावर पेटी पडते. बोंबलता येते का त्याले? मांगं सारं मुकंच असते." आणि मग खरा प्रश्न आला. "याच्यात बाई काहून नाई पडत?"

तिथून पार्बताबाईंचा चित्रपट सुरू झाला. चित्रपट म्हणजे माझा मोबाइल, दिवसाउजेडी रिकामा उभा असलेला मंडप आणि दोन प्रयोगांमधली मोकळी दुपार. गोष्ट त्यांचीच. पुढं नाटक चालू आहे, राजाचा मुकुट रंगपटात राहून गेला आहे आणि रंगपटातल्या बाईला तो विंगेपर्यंत न्यायचा आहे. आवाज न करता. बस्स. एवढ्या अंतरात ती पडद्याच्या दोरीत अडकते, फळीवर पाय देते तर फळीच्या दुसऱ्या टोकावरचा ऋषी उडतो, ऋषीची दाढी तिच्या पदराला चिकटते, ती सोडवताना मागचा डोंगर अंगावर येतो. प्रत्येक वेळी ती पडते आणि प्रत्येक वेळी मुकुट सरळ. शेवटी ती विंगेत पोचते, मुकुट राजाच्या डोक्यावर ठेवते आणि तेव्हा कळतं की राजा मेल्याचा प्रवेश संपून पडदा पडला आहे.

राजा टिकारामनं केला. बाकी कंपनीतलीच मंडळी. पहिल्या दिवशी एक भलतंच झालं. आमचे नट जन्मभर टांगलेल्या माईकखाली जाऊन बोलत आलेले. वाक्य म्हणायचं तर आधी दोन पावलं माईककडे, मान वर, मग वाक्य. ती खोड रक्तात गेलेली. या चित्रपटात कोणाला एक शब्द बोलायचा नाही, तरी जो तो काही करायच्या आधी माईकखाली जाऊन उभा राही आणि वर बघे. ऋषी उडायच्या आधी माईकखाली गेला. टिकाराम तर मरायच्या आधी गेला.

"काहून बे," बाईंनी दरडावलं, "मुकं पिच्चर आहे ना? माईकखाली कायले जाऊन राहिला? वरतून पानी टपकून राहिलं का?"

"बाई, सवय," टिकाराम ओशाळून म्हणाला.

बाईंनी वर टांगलेल्या माईककडे पाहिलं. मग म्हणाल्या, "राहू दे. समदेच जा. वर पाहा. आनि मंग मुकेच वापस या." ते चित्रपटातलं सर्वांत हसू येणारं ठरलं. ज्याला त्याला काहीतरी म्हणायचं आहे, जो तो माईकखाली जातो, वर बघतो आणि पुढं प्रयोग चालू आहे हे आठवून तोंड मिटून परत येतो. बाईंची भूमिका तेवढी माईककडे जात नाही. तिला काही म्हणायचंच नसतं, मुकुट पोचवायचा असतो.

त्या उन्हाळ्यात मी तो तुकडे जोडून पुरा केला. घनश्यामभाऊंनी पाहिला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. कोंढ्याकडच्या एका गावच्या मंडईत नाटकाआधी पडद्यावर दाखवायचं त्यांनीच ठरवलं. बाईंनी एकच अट घातली. "आवाज टाकाचा नाई. बाजा नाई, गाना नाई, काईच नाई. मुकं आहे तसंच मुकं." भाऊ म्हणाले, "आईशपथ, बाई." या माणसाची आई किती वेळा पणाला लागली आहे, याची मोजदाद त्या माउलीनं वर बसून ठेवली असेल तर ठेवली असेल.

मंडईचा दिवस आला. सांज होता होताच माणसं येऊन बसली होती. पांढरा पडदा, समोर मंडपभर पब्लिक, भज्यांचा वास. मी वादकांजवळ माझ्या जागेवर. बाई बाजूला, आवाजाच्या यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. चित्र सुरू झालं आणि पडद्यावरच्या बाईच्या पायात दोरी अडकताच ढोल वाजला. पाठोपाठ टिकारामचा चिरका बायकी आवाज आला, "अगं बाई गं! माही कंबर गेली वो पावनं!" मग एक घाणेरडा विनोद. मग पुन्हा ढोल. भाऊंनी शहरातून कोणाकडून तरी चित्रपटभर आवाज चढवून आणला होता.

मी वळून पाहिलं. बाई उठल्या, यंत्रापाशी गेल्या आणि त्यांनी वायर धरून उपटली. मंडप एकदम मुका झाला. "आवाज! आवाज!" लोक ओरडले. यंत्रवाला पुढं आला, बाईंनी वायर पाठीमागं धरली आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो परत गेला. पडद्यावर ऋषी उडाला. कोणीतरी खुदकन हसलं. दाढी पदराला चिकटली, बायकांच्या बाजूला हशा पिकला. डोंगर कोसळला तेव्हा अख्खा मंडप हसत होता, आणि तो हशा ढोलाशिवायचा, कोणी न मागितलेला, पोटातून आलेला होता. माझ्या शेजारचा तबलजी डग्ग्यावर डोकं टेकून हसत होता. बाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. वायर हातात धरून त्या माणसांकडे बघत होत्या. तोंड तेच, गणिताच्या पेपराचं.

इथंच सगळं संपलं असतं तर मला हे लिहायची गरज पडली नसती.

चित्र संपलं. शिट्ट्या, टाळ्या आणि मग एक आरोळी उठली, "टिकाराम! टिकाराम!" मंडपभर तीच आरोळी. माझ्या मागं एक म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता, "काय पडते हा गडी! लुगड्यात तं वोरखू बी नाई येत." लोकांनी जन्मभर लुगड्यातला गडीच पडताना पाहिला होता. पडते आहे म्हणजे गडी असणार, यात त्यांना शंकाही आली नाही. पडद्यावर राजा टिकाराम आहे हे डोळ्यांना दिसत असूनही आली नाही. लोकांना मी दोष देत नाही. भाऊंना देतो. त्यांनी दुसरी वायर जोडून माईक हातात घेतला आणि टिकारामचा हात धरून त्याला रंगमंचावर आणलं. आणि टिकाराम, ज्याला ती पड कोणाची हे सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, त्यानं छातीवर हात ठेवून मान लववली.

बाई रंगमंचावर चढल्या. जाताना पेटीतून तो मुकुट घेतला. माईक मागितला नाही. पुढं येऊन म्हणाल्या, "तो मी आहो."

लोक हसले. "हो बाई, हो!" कोणीतरी ओरडलं.

बाईंनी मुकुट दोन्ही हातांत धरला, चार पावलं चालल्या आणि पडल्या. पडद्यावर पडल्या होत्या तीच पड, दोरीत अडकायची. दोरी नव्हती, तरी मला दोरी दिसली. सगळं अंग हवेत विस्कटलं, एक पाय इकडे, एक तिकडे, पाठ फळ्यांवर दाणकन आदळली आणि दोन्ही हात वर, त्या हातांत मुकुट, सरळ, जरासुद्धा न हललेला.

मंडपात एकदम गलका. "बाई पडली! उचला, उचला!" पुढच्या रांगेतली माणसं रंगमंचावर चढली. एकीनं पदरानं वारा घातला. एक म्हातारी रडायलाच लागली, "कोनाची माय आहे वो बिचारी." बाई त्यांचे हात झटकत उठल्या आणि ओरडल्या, "हासा ना! कायले उचलून राहिले मले? आत्ताच हासले ना याच पडीवर? हासा!" कोणी हसलं नाही. लोकांच्या चेहऱ्यांवर नुसती दया होती. त्या दयेनं मी तेव्हा जेवढा संतापलो, तेवढा भाऊंच्या ढोलानंही संतापलो नव्हतो. आणि मग भाऊ माईकवर म्हणाले, "मंडळी, शांत राहा. आमच्या मावशीले जरा चक्कर आली."

तिसऱ्या दिवशी बाईंनी कंपनी सोडली. जाताना मी त्यांची पेटी स्टँडपर्यंत नेली. तिथं त्या म्हणाल्या, "एक बी नाई हासला."

"मी हसलो होतो बाई." खरंच हसलो होतो, तबलजीनं मांडीला चिमटा काढेपर्यंत.

"आयकू नाई आलं."

"गलका होता."

"आयकू नाई आलं मंजे हासलेच नाई," त्या म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

तो चित्रपट अजून फिरतो. ढोलासकट, चिरक्या आवाजासकट, 'टिकारामची धमाल' अशा नावानं. शोकसभेच्या दुसऱ्याच दिवशी मला तो शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी पाठवला, खाली हसरे चेहरे. माझ्याजवळ मुका चित्रपट आहे, आलेल्यागेलेल्याला मी दाखवतो. लोक मनापासून हसतात आणि मग विचारतात, "गुरुजी, हा गडी कोण हो?" बाई आहे म्हटलं की त्यांचं हसू विझतं आणि विचारतात, "लागलं नाही ना बिचारीला?" नाही लागलं! पडून नाही लागलं!

त्या पवनीला शाळेचे गणवेश शिवतात एवढं ऐकून होतो. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लाखनीच्या बसस्टँडवर, उन्हाळ्यात, भर दुपारी. रस्त्यावरून ट्रक धडधडत होते. मी सावलीला उभा होतो. पलीकडे चहाच्या टपरीवरून पार्बताबाई हातात भरलेला ग्लास घेऊन येत होत्या. केस पांढरे झालेले, चाल तीच. त्यांनी मला पाहिलं. मी हात वर केला. त्या थांबल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा चालू लागल्या. माझ्यापासून दहाएक हातांवर, सपाट सिमेंटवर, जिथं दगड नाही की खड्डा नाही, तिथं त्या पडल्या.

काय पडल्या! एक चप्पल उडून रसवंतीच्या पाटीला लागली. पिशवी गळ्यात अडकून डोक्यावर उलटली, वांगी चहूकडे गडगडली. म्हातारी हाडं सिमेंटवर वाजली. आणि हातातला चहा तसाच, काठोकाठ, वाफाळत.

चारी बाजूंनी माणसं धावली. "म्हातारी पडली, धरा!" त्यांच्या पायांमधून मला बाईंचा चेहरा दिसत होता. एक डोळा मिटलेला, एक उघडा, आणि तो उघडा डोळा माझ्यावर.

मी हसलो. आधी जरा मुद्दाम, मोठ्यानं, ऐकू जावं म्हणून. मग तो ग्लास दिसला आणि आवरेना. पोट धरून हसलो, खांबाला टेकून हसलो, ट्रकच्या आवाजावरून ऐकू जाईल असा हसलो. एक धिप्पाड माणूस माझ्या अंगावर आला. "लाज नाई वाटत का बे? तुह्या मायच्या वयाची बाई पडली आनि दात काढून राहिला?" त्यानं माझी कॉलर धरली. आणखी दोघं आले. एकजण म्हणाला, हा शाळेत शिकवते मनतेत. मला सांगता येईना, कारण हसणं थांबेना.

बाई आपल्या आपण उठल्या. कोणाचा हात धरला नाही. लुगडं झटकलं, वांगी तशीच पडू दिली, चहा उभ्याउभ्या सावकाश प्यायल्या आणि ग्लास एका धावून आलेल्या माणसाच्या हातात दिला. पवनीची बस लागली होती. माझ्या बाजूनं जाताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता आलं आयकू."

खिडकीत तोच चेहरा होता, गणिताच्या पेपराचा. बस वळून रस्त्याला लागली, दिसेनाशी झाली, तरी तो माणूस माझी कॉलर सोडत नव्हता.